शेततळ्याचे दोन चौकोन

शेततळ्यांच्या सरकारी तक्त्यात तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या तळ्यापुढे पाणीसाठा २१९६ घनमीटर धरलेला असतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा आकडा खटकतो. तीस गुणिले तीस गुणिले तीन म्हणजे सरळ २७०० व्हायला हवेत. मग मधले ५०४ घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटरहून जास्त पाणी, गेले कुठे?

ते उतारात गेले. शेततळ्याच्या बाजू सरळ उभ्या खोदत नाहीत, खोदल्या तर पहिल्याच पावसाळ्यात माती ढासळून तळ भरून जाईल. म्हणून बाजूंना उतार देतात. साधारणपणे एकास एक, म्हणजे जितके खाली तितकेच आत. तीन मीटर खोल जाताना चारही बाजूंनी तीन-तीन मीटर आत यावे लागते. वर तीस मीटर असलेली बाजू तळाशी चोवीस मीटर उरते. वरचे क्षेत्रफळ ९००, तळाचे ५७६ आणि या दोन बाजूंचा गुणाकार, तीस गुणिले चोवीस, ७२०. या तिन्हींची बेरीज करायची, खोलीने गुणायचे आणि तीनने भागायचे. खोली तीनच मीटर असल्याने गुणणे आणि भागणे एकमेकांत फिटते. ९०० अधिक ५७६ अधिक ७२०, बरोबर २१९६.

टोक कापलेल्या पिरॅमिडचे घनफळ काढण्याची ही रीत फार जुनी आहे. इजिप्तमधल्या एका पपायरसवर, आजपासून सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, तळाची बाजू चार, माथ्याची दोन आणि उंची सहा असे उदाहरण याच रीतीने सोडवून छप्पन्न हे उत्तर दिले आहे. परांड्याच्या किंवा भूमच्या माळावर पोकलेन लावून खोदलेले तळे हा तोच आकार, फक्त उलटा ठेवलेला.

धाराशिव जिल्ह्यात शेततळ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बालाघाटाच्या डोंगररांगेवर आणि तिच्या पायथ्याशी वसलेला हा अवर्षणप्रवण मुलूख. तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्या आहेत, पण त्यांच्या पात्रात पाणी किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. जून-जुलैत पेरलेली तूर परतीच्या पावसावर डोळे लावून उभी असते. फुलोऱ्यात एक आणि शेंगा भरताना एक, असे दोनदा पाणी मिळाले तर पीक हाती लागते. शेतकरी आणि कृषी खाते यालाच संरक्षित पाणी म्हणतात. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली ती याच गरजेपोटी. तिच्यात पंधरा बाय पंधरापासून तीस बाय तीसपर्यंतची मापे ठरवून दिलेली होती.

ठरलेली मापे अर्ज भरायला सोयीची असतात. शेतकऱ्याचा प्रश्न मात्र उलट्या बाजूने सुरू होतो. त्याला आधी माप माहीत नसते, गरज माहीत असते. समजा चार एकर तूर आहे. एकरभर रानावर पाच सेंटिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे २०० घनमीटर लागते. चार एकरांना दोन वेळा म्हणजे १६०० झाले. उन्हाने उडून जाणारे आणि जमिनीत मुरणारे म्हणून वर २०० धरू. एकूण १८०० घनमीटर. तर तळ्याची वरची बाजू किती मीटर आखायची?

इथे साधे त्रैराशिक चालत नाही. तीस मीटरला २१९६ तर १८०० ला किती, असा हिशेब मांडला तर उत्तर साडेचोवीसच्या आसपास येते आणि तळे जेमतेम चौदाशे घनमीटर धरते. कारण बाजू वाढली की पाणी बाजूच्या प्रमाणात वाढत नाही, तिच्या वर्गाच्या चालीने वाढते. इथून पुढे वर्गसमीकरण लागते.

वरच्या बाजूला क्ष म्हणू. तळाची बाजू मग क्ष वजा सहा. मघाच्या रीतीने पाणीसाठा होतो क्ष² अधिक (क्ष − ६)² अधिक क्ष × (क्ष − ६). हे सोडवून मांडले की ३क्ष² − १८क्ष + ३६ उरते. याची किंमत १८०० हवी. दोन्ही बाजूंना तीनने भागून ६०० डावीकडे आणले की समीकरण सुटसुटीत होते:

क्ष² − ६क्ष − ५८८ = ०

दहावीच्या वर्गात याची पहिली रीत शिकवतात ती अवयवांची. गुणाकार ५८८ आणि फरक ६ येईल अशा दोन संख्या शोधायच्या. २१ आणि २८ घेतले तर गुणाकार जमतो, पण फरक सात. पुढे कितीही शोधले तरी पूर्ण संख्यांत जोडी सापडत नाही. पाठ्यपुस्तकातली गणिते अवयव पडावेत म्हणून निवडून घेतलेली असतात. जमिनीवरची गणिते तशी नसतात, आणि म्हणूनच सूत्र लागते.

सूत्र सगळ्यांच्या ओळखीचे आहे. अक्ष² + बक्ष + क = ० असे कोणतेही वर्गसमीकरण घ्या, अ शून्य नसला म्हणजे झाले:

क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) ÷ २अ

बहुतेकांनी हे एखाद्या मंत्रासारखे पाठ केले आणि परीक्षेनंतर सोडून दिले. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण या सूत्रात पाठ करण्यासारखे फार थोडे आहे आणि समजून घेण्यासारखे बरेच. ते ‘४अक’ नेमके कुठून आले? तीन का नाही, पाच का नाही? याचे उत्तर आपल्याच परंपरेत फार देखण्या पद्धतीने दिलेले आहे.

ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त वर्गसमीकरण सोडवण्याचा नियम शब्दांत सांगितला. त्यानंतर श्रीधराचार्यांनी त्यात एक युक्ती घातली. श्रीधरांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांचा नियम आपल्यापर्यंत पोहोचला तो भास्कराचार्यांमुळे, कारण त्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त श्रीधरांचे नाव घेऊन तो उद्धृत केला. एक हरवलेला ग्रंथ दुसऱ्याच्या प्रामाणिक उल्लेखातून जिवंत राहिला. आजही भारतात अनेक ठिकाणी हे सूत्र श्रीधराचार्यांच्या नावाने ओळखतात.

युक्ती अशी. अक्ष² + बक्ष = −क असे मांडा. आता दोन्ही बाजूंना ४अ ने गुणा. डावीकडे ४अ²क्ष² + ४अबक्ष, उजवीकडे −४अक. मग दोन्ही बाजूंत ब² मिळवा. डावीकडे जे तयार झाले ते (२अक्ष + ब) चा पुरा वर्ग आहे, उजवीकडे आहे ब² − ४अक. वर्गमूळ घ्या, ब पलीकडे न्या, २अ ने भागा. सूत्र तयार.

यातले शहाणपण ‘४अ’ मध्ये आहे. नुसत्या अ ने भागून पूर्ण वर्ग करायला गेले तर पहिल्याच पायरीला अपूर्णांक येतात आणि शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत. श्रीधरांनी भागण्याऐवजी गुणले. अ ने गुणल्यामुळे पहिले पद पूर्ण वर्ग झाले, चारने गुणल्यामुळे मधल्या पदाचे निमपट करताना अपूर्णांक आला नाही. शेवटच्या भागाकारापर्यंत सगळे पूर्ण संख्यांत चालते. पाटीवर धूळ पसरून हिशेब करणाऱ्या माणसाला याची किंमत किती असेल, याचा अंदाज करता येतो.

भास्कराचार्य म्हणजे काही दूरचे कोणी नव्हेत. शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा त्यांचा जन्म. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानले जातात. आजच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्या मठाच्या नेमणुकीचा १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी मठाला काय काय द्यायचे याचा तपशील येतो तिथे भाषा मराठी होते. गणिताच्या शिक्षणासाठी लावून दिलेल्या उत्पन्नाची नोंद आठशे वर्षांपूर्वी लोकांच्या बोलीत दगडावर कोरली गेली, हे मला त्या लेखातले सर्वांत मोलाचे वाटते.

आता सूत्र घेऊन तळ्याकडे येऊ. आपल्या समीकरणात अ = १, ब = −६, क = −५८८. ब² झाले ३६. −४अक झाले अधिक २३५२. बेरीज २३८८ आणि तिचे वर्गमूळ ४८.८७. वर −ब म्हणजे अधिक सहा. म्हणून (६ + ४८.८७) ÷ २ = २७.४३, आणि दुसरे उत्तर (६ − ४८.८७) ÷ २ = −२१.४३.

शाळेत इथे एक ठरलेले वाक्य लिहितात: लांबी ऋण नसते, म्हणून −२१.४३ हे उत्तर अमान्य. मग २७.४३ खाली दोन रेघा मारतात आणि पुढचे गणित घेतात. गुणही पूर्ण मिळतात. पण हे टाकून दिलेले उत्तर जरा थांबून बघा. वरची बाजू २७.४३ मीटर असेल तर तळाची बाजू किती? सहा मीटरने कमी, म्हणजे २१.४३. टाकून दिलेला आकडा हा तळाचा आकडा आहे, फक्त ऋण चिन्ह लावून आलेला.

हा योगायोग नाही. पाणीसाठ्याच्या रीतीत वरची बाजू आणि तळाची बाजू सारख्याच हक्काने येतात, दोघींचे वर्ग आणि दोघींचा गुणाकार. दोन्ही बाजूंची अदलाबदल करून दोघींची चिन्हे फिरवली तर घनफळ तेच राहते आणि दोघींतला फरकही सहाच राहतो. समीकरणाला माहीत आहे ते एवढेच: फरक सहा, घनफळ १८००. म्हणून त्याने दोन्ही उत्तरे दिली, सरळ तळ्याचे आणि उलट्या तळ्याचे.

प्रत्यक्ष आखणीत ही दोन्ही मापे लागतात. शेतात आधी टेपने बाहेरचा चौकोन मोजून चार खुंट्या ठोकतात, दोरी ताणतात, कर्ण दोन्हीकडून मोजून काटकोन तपासतात आणि फक्की मारतात. मग त्याच्या आत तीन-तीन मीटर सोडून दुसरा चौकोन आखतात. पोकलेनवाला आधी आतल्या चौकोनात सरळ खाली जातो आणि नंतर बाहेरच्या रेषेपर्यंत उतार काढत येतो. बाहेरचा चौकोन २७.४३ चा, आतला २१.४३ चा. एका सूत्राने दोन्ही फक्कीच्या रेषा एकाच वेळी दिल्या.

सूत्राचे दोन तुकडे सुटे करून वाचले तर आणखी एक गोष्ट दिसते. −ब ÷ २अ हा पहिला तुकडा, आपल्या गणितात तीन. वर्गमूळ भागिले २अ हा दुसरा, २४.४३. दोन्ही मुळे म्हणजे तीनपासून दोन्ही दिशांना २४.४३ अंतरावरची ठिकाणे. कोणत्याही वर्गसमीकरणाची दोन मुळे अशीच एका मध्यापासून सारख्या अंतरावर असतात, सूत्र फक्त तो मध्य आणि ते अंतर सांगते. आणि २४.४३ ही तळ्यातली खरीखुरी लांबी आहे. अर्ध्या खोलीवर, दीड मीटर खाली उतरून तळ्याची रुंदी मोजली तर ती वरच्या बाजूपेक्षा तीन मीटरने कमी, म्हणजे नेमकी २४.४३ भरेल.

अनुभवी माणसे पाणीसाठा काढताना सरासरी बाजू धरतात. तीस मीटरच्या तळ्यासाठी वर तीस, खाली चोवीस, मध्ये सत्तावीस. सत्तावीस गुणिले सत्तावीस गुणिले तीन, २१८७. खरा आकडा २१९६. फरक अवघा नऊ घनमीटर, दहा हजार लिटरच्या एका टँकरपेक्षाही कमी. एकास एक उताराच्या, तीन मीटर खोलीच्या कोणत्याही चौरस तळ्यात हा फरक नऊच राहतो, तळे पंधराचे असो की तीसचे. म्हणजे सूत्र हाताशी नसले तरी चालेल: १८०० मधून नऊ वजा करा, १७९१. तीनने भागा, ५९७. वर्गमूळ घ्या. चोवीसचा वर्ग ५७६, पंचविसाचा ६२५, म्हणजे उत्तर साडेचोवीसच्या किंचित आत. त्यात तीन मिळवले की वरची बाजू. आपण नकळत पूर्ण वर्गाची रीत वापरली, तीच जी श्रीधरांच्या युक्तीच्या पोटात आहे.

जमीन बदलली की आकडे बदलतात. भुसभुशीत मातीत एकास एक उतार टिकत नाही, एकास दीड द्यावा लागतो. मग तळाची बाजू नऊ मीटरने कमी होते आणि समीकरण क्ष² − ९क्ष − ५७३ = ० असे होते. सूत्रात आकडे घाला: २८.८६ आणि −१९.८६. तेवढ्याच पाण्यासाठी वरची बाजू जवळजवळ दीड मीटरने वाढली. पुन्हा दुसरे मूळ तळाची बाजू सांगून गेले.

सूत्रातल्या चुका कागदावर एक-दोन गुणांच्या असतात, रानात त्यांचा भुर्दंड मोठा पडतो. सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे २अ ने फक्त वर्गमूळ भागणे आणि −ब तसेच ठेवणे. आपल्या गणितात ६ + २४.४३, म्हणजे ३०.४३ मीटर. या बाजूचे तळे २२६७ घनमीटरचे होते. गरजेपेक्षा ४६७ घनमीटर माती जास्त खोदली गेली, ब्रासमध्ये सांगायचे तर १६५ ब्रास. दुसरी चूक चिन्हाची. ब स्वतःच −६ आहे हे विसरून वर −६ लिहिले तर उत्तर २१.४३ येते. शेतकरी तळाचे माप माथ्याला लावून बसतो आणि १८०० ऐवजी जेमतेम १०३० घनमीटर पाणी साठते. चार एकरांच्या दोन पाळ्या होणार होत्या, तिथे जेमतेम एका पाळीत तळे कोरडे.

वर्गमुळाखाली जे असते, ब² − ४अक, त्याला पाठ्यपुस्तक विवेचक म्हणते. तो धन असेल तर दोन वेगवेगळी वास्तव मुळे, शून्य असेल तर दोन्ही सारखी, ऋण असेल तर वास्तव मुळे नाहीत. मुले हे तीन ओळींत पाठ करतात. तळ्याभोवतीच्या कुंपणावर ते फार स्वच्छ दिसते. शेततळ्याला कुंपण हवेच, उतारावरून पाय घसरला की बाहेर येणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जाते, प्लास्टिक अंथरलेले असेल तर जास्तच. समजा शंभर मीटर तारेची जाळी आणली आहे आणि आयताकृती जागा बंद करायची आहे. एक बाजू क्ष असेल तर शेजारची ५० − क्ष.

६०० चौरस मीटर जागा हवी: क्ष² − ५०क्ष + ६०० = ०. विवेचक १००, मुळे ३० आणि २०. दोन्ही धन, दोन्ही खरी, आणि दोन्ही मिळून एकच आयत, तीस बाय वीस. ६२५ हवी: विवेचक शून्य, मूळ एकच, २५. आयताचा चौरस झाला. आता कोणी हट्टाने म्हणाले ६५० हवी: विवेचक २५०० − २६००, म्हणजे −१००. ऋण संख्येचे वास्तव वर्गमूळ नाही. शंभर मीटर जाळीत साडेसहाशे चौरस मीटरचा आयत बसणार नाही, कशीही फिरवा. जाळी आणण्याआधी, एकही खांब रोवण्याआधी, हे कळते.

दोन मुळांपैकी कोणते ठेवायचे आणि कोणते सोडायचे, याचा विचार भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त माकडांच्या उदाहरणांतून केला आहे. एका कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग रानात खेळतो आहे आणि बारा माकडे टेकडीवर आहेत, कळप किती? उत्तरे दोन: ४८ आणि १६. अठ्ठेचाळीसचा अष्टमांश सहा, वर्ग छत्तीस, अधिक बारा. सोळाचा अष्टमांश दोन, वर्ग चार, अधिक बारा. दोन्ही बसतात, दोन्ही स्वीकारायची. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून त्याचा वर्ग गुहेत गेला आणि एक माकड फांदीवर दिसते आहे. इथे ५० आणि ५ ही उत्तरे येतात. पण पाचाचा पंचमांश एक, त्यातून तीन वजा केले तर उणे दोन माकडे! त्यांचा वर्ग चार येतो, गणित जुळते, पण उणे माकडांवर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून हे उत्तर घेऊ नये, असे भास्कराचार्य सांगतात. या निवाड्यात ते गणिताला दोष देत नाहीत. समीकरणाने आपले काम चोख केले आहे, निवड करणे हे गणित मांडणाऱ्याचे काम आहे.

दहावीच्या बालभारतीच्या पुस्तकात वर्गसमीकरणांच्या प्रकरणात तळवेल गावच्या दिनेशच्या शेताचे उदाहरण आहे, त्यातही पाणी अडवण्यासाठी खोदलेले चौरस तळे येते. शेताची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा दहा मीटर जास्त, तळ्याची बाजू रुंदीच्या एक तृतीयांश, शेताचे क्षेत्रफळ तळ्याच्या वीसपट. उत्तर येते शेत ४५ बाय १०० मीटर आणि तळ्याची बाजू पंधरा. ज्याने हे उदाहरण घातले त्याला शेतीची जाण होती हे नक्की. पण त्या तळ्याला खोली नाही, उतार नाही आणि गणित सोडवताना एक मूळ शून्य येऊन वर्गसमीकरणाचे एकघाती समीकरण होऊन बसते. तेच तळे तीन मीटर खोल आणि एकास एक उताराचे केले असते तर पोरांना ४४१ घनमीटर हा सरकारी तक्त्यातलाच आकडा स्वतःच्या हाताने काढता आला असता.

आकडे अवघडच असतील तर सूत्राला पर्याय राहत नाही. मुरणारे पाणी थांबवायला तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरतात. समजा ७५० चौरस मीटर कागद स्वस्तात मिळाला, काठावर मातीत गाडायचा वेगळा. त्यात केवढे तळे बसेल? तळाला (क्ष − ६)² कागद लागेल. उताराची तिरपी लांबी तीन गुणिले √२, म्हणजे ४.२४ मीटर, आणि अशा चार बाजू, प्रत्येकीची सरासरी रुंदी क्ष − ३. सगळे मांडले की क्ष² + ४.९६क्ष − ७६४.८८ = ०. याचे अवयव पाडायला कोणी बसू नये. सूत्राने २५.२९ मीटर. एवढ्या तळ्यात १५०० घनमीटर पाणी राहील. दुसरे मूळ −३०.२५, आणि या वेळी त्याला जमिनीवर काही अर्थ नाही. तळाची बाजू १९.२९ आहे, तिचा या आकड्याशी संबंध नाही. कागदाच्या हिशेबात वरची आणि तळाची बाजू सारख्या हक्काने येत नाहीत, म्हणून इथे अदलाबदल जुळत नाही. ऋण उत्तर बोलके आहे की मुके, हे प्रत्येक वेळी तपासूनच ठरवावे लागते.

तळे सोडून विहिरीवर गेले तरी हेच सूत्र भेटते. विहिरीत पाणी किती खोल आहे हे पाहायला वरून खडा सोडतात आणि आवाज ऐकतात. खडा सोडल्यापासून आवाज कानी येईपर्यंत दोन सेकंद लागले असे धरू. पडणारी वस्तू क्ष सेकंदांत ४.९क्ष² मीटर खाली जाते, म्हणून कोणी दोनचा वर्ग करून ४.९ ने गुणतो आणि पाणी १९.६ मीटरवर आहे असे सांगतो. पण त्या दोन सेकंदांत आवाजाचा वर येण्याचा वेळही आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. खडा क्ष सेकंद पडला, उरलेल्या २ − क्ष सेकंदांत आवाजाने तेवढेच अंतर कापले: ४.९क्ष² = ३४०(२ − क्ष). म्हणजे ४.९क्ष² + ३४०क्ष − ६८० = ०. सूत्राने क्ष = १.९४५ सेकंद. खोली साडेअठरा मीटर. आवाजाला लागलेल्या सेकंदाच्या विसाव्या भागाने मीटरभराचा फरक पाडला.

हा प्रयोग वर्गातल्या मुलांकडून करून घ्यायचा तर बोटाने घड्याळ दाबू देऊ नये. बोटाची चूक दशांश सेकंदाची असते आणि एवढ्या खोलीवर तेवढ्याने जवळजवळ दोन मीटर इकडचे तिकडे होतात, म्हणजे आवाजाची दुरुस्ती करण्यात अर्थच राहत नाही. मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा, खडा हातातून सुटण्याची चौकट आणि आवाजाची चौकट यांतले अंतर मोजावे. सेकंदाला तीस चौकटी असतील तर चूक तिसाव्या भागाच्या आसपास येते. मग सूत्राने काढलेली खोली दोर सोडून पडताळता येते.